विश्लेषण : एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर किती भरवसा ठेवायचा?

लग्नाचा व्हिडीओ, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो, दुकानाचा टॅलीतला दहा वर्षांचा हिशेब, पीएचडीच्या प्रबंधाचे कच्चे खर्डे. हे सगळे आज बहुतेक घरांत खिशात मावेल अशा एका काळ्या डबीत असते आणि ती डबी कपाटात असते. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘बॅकअप घेऊन ठेवलाय.’ मग एके दिवशी डबी लॅपटॉपला लावली की आतून टक टक आवाज येतो, किंवा ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ अशी विचारणा पडद्यावर येते. हे असे का होते, कंपन्यांची जबाबदारी किती, आणि पैसे परत मिळाले तरी डेटा का मिळत नाही, याचा हा आढावा.

हा विषय आत्ताच का?

दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे ‘क्लाउड’ फुकट राहिलेला नाही. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो हे सगळे बसवायचे म्हटल्यावर अनेकांनी दरमहा पैसे भरण्यापेक्षा एकदाच दोन टीबीची हार्ड डिस्क घेणे पसंत केले.

दुसरे कारण भावाचे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना मेमरी चिप आणि मोठ्या हार्ड डिस्क प्रचंड प्रमाणात लागतात. त्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून साठवणुकीच्या उपकरणांचे भाव चढू लागले. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्यात तीनच : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कुणाचेही असो, आतली फिरणारी डिस्क या तिघांपैकी एकाची असते. भाव चढले की लोक जुनी डिस्क आणखी दोन वर्षे ओढतात, स्वस्त अनोळखी ब्रँडकडे वळतात किंवा ‘रीफर्बिश्ड’ घेतात. तिन्हींत जोखीम वाढते.

सॅनडिस्क प्रकरणात नेमके काय झाले?

पोर्टेबल साठवणुकीच्या विश्वासार्हतेवर अलीकडच्या काळात सर्वांत मोठे प्रश्नचिन्ह उभे राहिले ते २०२३ मध्ये, आणि तेही स्वस्तातल्या मालामुळे नव्हे. सॅनडिस्कच्या ‘एक्स्ट्रीम’ आणि ‘एक्स्ट्रीम प्रो’ या पोर्टेबल एसएसडी छायाचित्रकार आणि व्हिडीओ करणाऱ्यांच्या आवडत्या होत्या. रबरी आवरण, बॅगेला अडकवायला कडी, धूळ-पाणी-पडझडीपासून संरक्षणाचा दावा, ‘प्रो’वर पाच वर्षांची वॉरंटी. चित्रीकरणाच्या जागेवर कॅमेऱ्यातले कार्ड यात रिकामे करायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, यासाठीच ती विकली जात होती.

२०२३ च्या सुरुवातीपासून तक्रारी येऊ लागल्या. डिस्क चालता चालता अचानक संगणकावरून गायब व्हायची. पुन्हा जोडली तर फाइल सिस्टीम मोडलेली असायची. कधी फॉरमॅट करून काही दिवस चालायची आणि पुन्हा तेच. ‘आर्स टेक्निका’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने मे २०२३ मध्ये याला वाचा फोडली; त्यांच्या स्वतःच्या पत्रकाराच्या दोन डिस्क अशाच गेल्या होत्या. तेव्हा सॅनडिस्कची मालकी वेस्टर्न डिजिटलकडे होती (२०१६ मध्ये घेतलेली ही कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा वेगळी झाली). कंपनीने काही मॉडेलमध्ये दोष असल्याचे मान्य केले आणि फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या नियंत्रक सॉफ्टवेअरची, दुरुस्ती जारी केली. प्रश्न मिटला असे वाटले.

मिटला नव्हता. ऑगस्टमध्ये ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाने लिहिले की त्यांच्या व्हिडीओ विभागातील एका सहकाऱ्याची डिस्क तीन टीबी चित्रीकरणासह गेली. विशेष म्हणजे ही डिस्क आधी बिघडलेल्या डिस्कच्या बदल्यात कंपनीनेच दिलेली होती. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावे दाखल झाले. हे चालू असताना तीच मॉडेल मोठ्या सवलतीत विक्रीला होती, हे ग्राहकांना जास्त झोंबले. नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियातील ‘अटिंगो’ या डेटा रिकव्हरी कंपनीने सांगितले की त्यांच्याकडे आलेल्या डिस्क पाहता दोष सॉफ्टवेअरचा नसून जोडणीचा दिसतो : सर्किट बोर्डवरील जागेच्या मानाने सुटे भाग मोठे आहेत आणि डाग, म्हणजे सोल्डर, कमकुवत बसले आहेत. नंतरच्या काही डिस्कमध्ये हे भाग वरून रेझिनने पक्के केल्याचेही त्यांचे निरीक्षण होते. हा एका दुरुस्ती कंपनीचा अंदाज आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नव्हे. पण तो खरा मानला तर फर्मवेअर बदलून सुटलेला डाग कसा जुळणार?

या प्रकरणातून ग्राहकाने घ्यायची नोंद अशी की ‘महागडी घेतली, नावाजलेली घेतली, एसएसडी घेतली’ ही तिन्ही उत्तरे इथे कामी आली नाहीत. ती डिस्क घेणारे लोक निष्काळजी नव्हते. कामाच्या स्वरूपामुळे ते तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त काळजी घेणारेच होते.

खोके तेच, आतला माल वेगळा?

किराणा दुकानात पुडीवर वजन आणि घटक छापावेच लागतात. हार्ड डिस्कच्या खोक्यावर क्षमता, वेग आणि रंग एवढेच असते. आत डिस्क कोणत्या पद्धतीची आहे, एसएसडीत कोणत्या दर्जाची चिप आहे, हे बहुतेकदा नसते. ते बदलले तरी मॉडेलचे नाव तेच राहू शकते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एप्रिल २०२० मधले. हार्ड डिस्कवर डेटा एकाभोवती एक अशा वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिला जातो. जास्त डेटा बसवण्यासाठी कंपन्यांनी एक युक्ती काढली : पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवायच्या, छपरावर मंगलोरी कौले रचतात तशा. या पद्धतीला ‘शिंगल्ड’ रेकॉर्डिंग, म्हणजे एसएमआर, म्हणतात. जागा वाढते, पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली पुढची कौलेही काढून पुन्हा रचावी लागतात. तसेच इथे मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्या अनेक पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. वेस्टर्न डिजिटलने ‘रेड’ या मालिकेतील काही डिस्कमध्ये ही पद्धत वापरली होती आणि खरेदीदारांना सांगितले नव्हते. ही मालिका अनेक डिस्क एकत्र जोडून चालणाऱ्या साठवण यंत्रांसाठी विकली जाते आणि अशा यंत्रांत सतत लिहा-पुसा करताना एसएमआर डिस्क अडखळतात. ओरड झाल्यावर तिन्ही कंपन्यांना आपल्या कोणत्या डिस्क एसएमआर आहेत हे जाहीर करावे लागले. वेस्टर्न डिजिटलने पुढे अमेरिकेतील दावा २७ लाख डॉलर देऊन मिटवला.

तुमच्या पोर्टेबल डिस्कशी याचा संबंध असा : मनगटी पाकिटाएवढ्या अडीच इंची डिस्कमध्ये एक टीबी आणि त्याहून जास्त क्षमता आज बहुधा याच पद्धतीने बसवलेली असते. ती वाईट नाही. एकदा लिहून ठेवायला ठीक आहे. पण दोनशे जीबी एकदम टाकायला घेतले की सुरुवातीला वेग चांगला असतो आणि मग तो रांगत येतो. वापरणाऱ्याला वाटते ‘अडकली’, तो वायर ओढतो. डिस्क त्या क्षणी आत पट्ट्यांची फेरमांडणी करत असते. पुढचे सांगायला नको.

फिरणारी डिस्क बिघडते कशी?

आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून वाचण्या-लिहिण्याचे शीर्ष, म्हणजे हेड, हवेच्या पातळ थरावर तरंगते. हे अंतर काही नॅनोमीटर असते. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. बंद असताना हेड चकतीबाहेर एका उतरणीवर विसावते, म्हणून बंद डिस्क प्रवासात बऱ्यापैकी धक्के सोसते. चालू डिस्क मात्र टेबलावरून चटईवर पडली तरी हेड चकतीवर आपटू शकते. मग चकतीवर ओरखडा उठतो, त्याची भुकटी आत फिरते आणि ती आणखी ओरखडे काढते. टक टक आवाज हा बहुधा हेडला आपली जागा सापडत नसल्याचा असतो. त्या आवाजानंतर ‘आणखी एकदा लावून पाहू’ म्हणत केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेला डेटा खरवडून काढत असतो. घरोघरी सांगितला जाणारा फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय तर करूच नये. दमट हवेत बाहेर काढलेल्या थंड डिस्कवर पाणी साचते.

वीज हा दुसरा, कमी बोलला जाणारा भाग. पोर्टेबल डिस्क यूएसबीवरच चालते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिॲम्पिअर वीज मिळते, ३.० मधून ९००. थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीला क्षणभर जास्त जोर लागतो. त्यातच डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट, चार उपकरणे लावलेला हब किंवा रस्त्यावरून घेतलेली लांब वायर असली की डिस्क सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. ‘डिस्क गेली’ म्हणून दुकानात नेलेल्या काही डिस्क नुसती वायर बदलल्यावर चालू होतात, त्या यामुळे. म्हणून आवाज विचित्र नसेल तर पहिला उपाय हाच : दुसरी चांगली, आखूड वायर आणि डेस्कटॉपचा मागचा पोर्ट.

आणि उष्णता. अनेक पोर्टेबल डिस्कच्या तपशीलपत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस असते. हे पत्रक लिहिणाऱ्याने मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूर पाहिलेले नसावे.

डिस्क शाबूत असूनही डेटा का अडकतो?

पूर्वी एक्स्टर्नल डिस्क म्हणजे साधी लॅपटॉपची डिस्क, एक छोटा यूएसबी जोडणारा बोर्ड आणि वरून प्लास्टिकची डबी असे. जोडणारा बोर्ड गेला तर डबी उघडून डिस्क थेट संगणकाला लावता येत असे. गल्लीतला संगणक दुरुस्तीवालाही ते करत असे.

आता अनेक पोर्टेबल मॉडेलमध्ये यूएसबीचा खटका डिस्कच्या मुख्य बोर्डवरच डाग देऊन बसवलेला असतो. वेगळा बोर्ड नसतोच. वायर लावलेल्या अवस्थेत डिस्क पडली आणि खटका उखडला, की चकत्या ठणठणीत असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचायचे दार बंद होते. काही मालिकांत तर, तुम्ही पासवर्ड ठेवलेला असो वा नसो, सगळा डेटा बोर्डवरच्या चिपमार्फत कूटबद्ध होऊनच लिहिला जातो. ती चिप गेली तर चकत्यांवर नुसती अक्षरांची खिचडी उरते. डिस्क चोरीला गेली तर हे संरक्षण कामाचे आहे, पण त्यासाठी पासवर्ड लावलेला हवा. तो न लावणाऱ्या बहुसंख्यांच्या वाट्याला फायदा शून्य आणि दुरुस्ती तेवढी अवघड. उत्पादन खर्चातले काही रुपये वाचवण्यासाठी दुरुस्तीची वाट बंद करण्याचा हा निर्णय ग्राहकाला विचारून घेतलेला नाही, आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो.

फॉरमॅटचाही प्रश्न आहे. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी म्हणून डिस्क ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केली जाते. विंडोजच्या ‘एनटीएफएस’मध्ये बदलांची रोजकीर्द ठेवली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी मांडणी सावरते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. फक्त विंडोजवरच वापरायची असेल तर एनटीएफएस बरी. ‘सेफली रिमूव्ह’ करायला लागत नाही असे हल्ली ऐकू येते, कारण विंडोज १० च्या २०१८ मधील एका अद्ययावतीकरणानंतर ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मूळ सेटिंग झाली. त्याचा अर्थ फाइल लिहिली जात असताना ओढा असा नाही.

मग फिरणारे काहीच नसलेली एसएसडी घ्यावी?

पडझडीच्या बाबतीत ती सरस आहे, यात शंका नाही. रोज बॅगेत फिरवायची असेल तर एसएसडीच घ्यावी. पण कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर गणित बदलते. एसएसडीत डेटा म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वीज नसताना तो हळूहळू गळतो. ‘जेडेक’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा ग्राहकोपयोगी एसएसडीसाठीचा निकष असा आहे की लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या डिस्कनेही ३० अंश तापमानात वीजपुरवठ्याविना एक वर्ष डेटा टिकवावा. नवी, फारशी न वापरलेली एसएसडी यापेक्षा बरीच जास्त टिकते. तरीही लग्नाचा व्हिडीओ एसएसडीत टाकून पंचविसाव्या वाढदिवसाला काढू, हा बेत धोक्याचा. शिवाय फिरणारी डिस्क अनेकदा मरण्याआधी कुरकुरते. एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता जाते. आणि गेल्यावर तिच्यातून डेटा काढणे अधिक कठीण असते.

‘कोणती कंपनी चांगली’ याचे उत्तर का मिळत नाही?

कारण आकडे कंपन्यांकडे आहेत आणि त्या ते देत नाहीत. किती डिस्क विकल्या, किती परत आल्या, हे मॉडेलनिहाय कुणीही जाहीर करत नाही. उघडपणे मिळणारी मोठी आकडेवारी एकच : अमेरिकेतील ‘बॅकब्लेझ’ ही क्लाउड कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधील डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. त्यांच्याकडे सरासरी वर्षाला शंभरातल्या एक ते दोन डिस्क जातात. पण त्या डिस्क थंड खोलीत, न हलता, अखंड वीजपुरवठ्यावर फिरत असतात. लोकलमध्ये बॅगेत ठेचकाळणाऱ्या डिस्कला तो आकडा लावता येत नाही.

याच बॅकब्लेझची एक मजेदार हकिगत आहे. २०११ च्या अखेरीस थायलंडमधील पुराने हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि सुट्या डिस्कचे भाव तिपटीच्या आसपास गेले. दुकानांतल्या एक्स्टर्नल डिस्क मात्र त्या मानाने स्वस्त होत्या. कंपनीने कर्मचारी, नातेवाईक आणि मित्रमंडळींना ‘कॉस्टको’सारख्या दुकानांत पिटाळले. दुकाने माणशी मोजक्याच डिस्क देत, म्हणून दुकानामागून दुकान पालथे घातले. मग त्या डब्या फोडून आतल्या डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्या. त्या काळात घेतलेल्या सीगेटच्या तीन टीबीच्या एका मॉडेलने पुढे इतका मार खाल्ला की २०१५ पर्यंत त्यातल्या बहुतांश डिस्क सेवेतून बाद झाल्या होत्या. २०१६ मध्ये त्या मॉडेलवरून सीगेटविरुद्ध दावाही दाखल झाला. त्याच कंपनीची चार टीबीची मॉडेल मात्र बॅकब्लेझकडेच चांगली चालली. म्हणजे ‘अमुक कंपनी वाईट’ हे निदान चुकते. वाईट असते ते एखादे मॉडेल, एखादी खेप. आणि ती वाईट होती हे कळते तोवर दुकानातून ती संपलेली असते. नातेवाइकाच्या ‘माझी दहा वर्षे चालली’ या दाखल्याला म्हणूनच फार अर्थ नाही.

डिस्क स्वतः इशारा देते का? थोडासा. ‘स्मार्ट’ नावाची आरोग्यनोंद प्रत्येक डिस्कमध्ये असते आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममधून ती दिसते. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखभराहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तपासणीदरम्यान पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. मात्र त्याच अभ्यासात हेही दिसले की बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार मुख्य निर्देशकांपैकी एकातही काही दाखवले नव्हते. तेव्हा लाल खूण दिसली तर त्याच दिवशी डेटा हलवावा. हिरवी दिसली तर निर्धास्त होऊ नये.

नवी म्हणून जुनी, मोठी म्हणून छोटी

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील ‘हाइझ’ या माध्यमसमूहाने उघड केले की सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या अनेक डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, पण त्या हजारो तास वापरलेल्या होत्या. वापराचे तास दाखवणारी ‘स्मार्ट’ नोंद पुसलेली होती. सीगेटच्या आणखी एका अंतर्गत नोंदीतून खरे तास बाहेर आले. यातील बऱ्याच डिस्क ‘चिया’ या कूटचलनाच्या चीनमधील खाणकामातून आल्याचा माग निघाला. त्याच वर्षी मलेशियात सीगेट आणि तिथल्या यंत्रणांनी अशा डिस्कना नवे लेबल लावणाऱ्या एका गोदामावर छापा घातला. मोटारीचे मीटर मागे फिरवणे आपल्याला ठाऊक आहे; हा तोच धंदा.

स्वस्त ऑनलाइन बाजारात दुसरी फसवणूक चालते. ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ अविश्वसनीय किमतीत दिसते. आत असते छोटेसे मेमरी कार्ड आणि संगणकाला खोटी क्षमता सांगणारे फर्मवेअर. खरी जागा भरेपर्यंत सगळे ठीक चालते, त्यानंतर नवा डेटा जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत विरतो. कॉपी मात्र ‘यशस्वी’ दिसते. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ हे मोफत प्रोग्राम संपूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतात. परतीची मुदत संपण्याआधी हे एक रात्रभर चालवावे. महागड्या, खऱ्या डिस्कवरही चालवावे, कारण जन्मजात दोष असलेली डिस्क पहिल्याच भरणीत बऱ्याचदा उघडी पडते.

वॉरंटी नक्की कशाची?

डबीची. डेटाची नव्हे. वॉरंटीच्या अटींमध्ये डेटाच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी स्पष्टपणे नाकारते, आणि बदली मिळणारी डिस्क नवी नसून दुरुस्त केलेली असू शकते हेही तिथे लिहिलेले असते. बदली हवी तर मूळ डिस्क परत द्यावी लागते, म्हणजे तिच्यातील डेटावर पाणी सोडावे लागते आणि तो कुणाच्या हाती जाणार याची चिंता उरते. डेटा हवा तर रिकव्हरीवाल्याकडे डिस्क उघडावी लागते, आणि कंपनीच्या मान्यतेविना उघडली की वॉरंटी संपते. रिकव्हरीचा खर्च मूळ डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. काही मॉडेलसोबत मर्यादित मुदतीची रिकव्हरी सेवा मिळते; खरेदी करताना रंगापेक्षा ते पाहावे.

कायद्याचा आधार मिळतो, पण अर्धा. सदोष वस्तू किंवा वॉरंटी नाकारणे याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मात्र याच कायद्यात उत्पादनाच्या दोषामुळे भरपाई मागण्यासाठी ‘हानी’ची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातून खुद्द वस्तूचे नुकसान आणि व्यावसायिक किंवा आर्थिक तोटा वगळले आहेत. त्यामुळे लग्नाचे चित्रीकरण गमावलेल्या छायाचित्रकाराला डिस्कची किंमत मागणे सोपे, बुडालेल्या कामाचे पैसे मागणे अवघड. बिल जपून ठेवावे हे खरेच. पण बिल घेऊन आयोगापुढे उभे राहिलात, तरी फोटो परत मिळवून देणे आयोगाच्याही हातात नसते.

नेटवर्कला जोडलेली डिस्क किंवा क्लाउड सुरक्षित आहे का?

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या इंटरनेटला जोडलेल्या डिस्क वापरणारे जगभरातले लोक सकाळी उठले तेव्हा डिस्क कोऱ्या होत्या. कुणीतरी दूरवरून ‘फॅक्टरी रीसेट’ची आज्ञा सोडली होती. एकही डिस्क बिघडलेली नव्हती. या उपकरणांना कंपनीने २०१५ नंतर सुरक्षा दुरुस्ती दिलेली नव्हती आणि त्यांतील एक त्रुटी २०१८ पासून नोंदलेली होती.

क्लाउडचेही तसेच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ या साठवणीतील ८५८ टीबी डेटा गेला. इतक्या मोठ्या साठ्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेलीच नव्हती.

सर्वसामान्यांनी काय करावे?

आपल्याकडे ‘बॅकअप’ शब्दाचा अर्थ बदलला आहे. लॅपटॉप किंवा फोन भरला म्हणून फोटो डिस्कवर हलवले आणि मूळ जागेवरून काढून टाकले, तर तो बॅकअप नाही. ते फक्त स्थलांतर. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे, आणि आता ती जास्त नाजूक जागी आहे. एक्स्टर्नल डिस्कबद्दलच्या बहुतेक दुःखद कहाण्यांत डिस्कचा दोष निम्मा असतो, उरलेला निम्मा हा असतो.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम अजूनही कामाचा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर. मध्यमवर्गीय घरासाठी याचा अर्थ एवढाच की मूळ प्रत लॅपटॉपवर, दुसरी डिस्कवर, आणि सगळ्यात मोलाचा भाग क्लाउडवर किंवा गावी भावाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. सगळा डेटा सारखा मोलाचा नसतो. डाउनलोड केलेले सिनेमे पुन्हा मिळतील. कुटुंबाचे खरोखर न भरून येणारे फोटो आणि कागदपत्रे बहुतेकदा शे-दोनशे जीबीत बसतात. तेवढ्यापुरता क्लाउडचा खर्च परवडतो.

दोन डिस्क घ्यायच्या तर एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नयेत. खेप सदोष निघाली तर दोन्ही मागेपुढे जातात. काम झाले की डिस्क काढून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरचा डेटाही कुलूपबंद करतो. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक डिस्क लावावी आणि नुसती फोल्डरची नावे न बघता काही जुन्या फाइल खरोखर उघडून पाहाव्यात. पाचेक वर्षे झालेली डिस्क चालू असली तरी तिची जबाबदारी नव्या डिस्ककडे द्यावी आणि जुनी जादा प्रत म्हणून ठेवावी. फोटोग्राफरने पेन ड्राइव्हमध्ये लग्नाचा अल्बम दिला असेल, तर तो त्याच आठवड्यात दोन ठिकाणी उतरवून घ्यावा. त्याच्याकडची प्रत किती दिवस राहणार हे आधीच विचारून ठेवलेले बरे.